वर्षभर पडून राहिलेलं लाकूड: एका घराच्या हिवाळी सरपणाचं प्रकरण

हिवाळा निम्मा सरला होता तेव्हा ताईचा फोन आला. "नऊ घनमीटर लाकूड भरलं होतं, त्यातलं सहा संपलं. घरात पंधरा अंशांच्या वर पारा चढत नाही आणि शेगडीची काच रोज काळी होते. हे म्हणतायत शेगडीच बदलू या."

घर ९० चौरस मीटरचं, थंडी पाच महिन्यांची. काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी त्याच वर्षी बसवली होती आणि घर गरम करायचं दुसरं साधन जवळजवळ नव्हतं. ताई आणि दाजी दोघंही साठीकडे झुकलेले. शेगडी बदलायचा खर्च आणि उरलेल्या अडीच महिन्यांची थंडी, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मी दोन दिवसांसाठी गेलो आणि त्या थप्पीपाशी माझं वर्ष गेलं. जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो आहे, कारण हीच चूक मी आणखी दोन घरांत पाहिली आहे आणि दोन्ही ठिकाणी दोष शेगडीलाच दिला जात होता.

हिशेब बरोबर होता

दाजींनी अंदाजपंचे लाकूड घेतलं नव्हतं. मागच्या काही हिवाळ्यांच्या बिलांवरून घराला हंगामात साधारण १२,००० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते, हे त्यांनी काढलं होतं. वाळलेलं, म्हणजे एकूण वजनात २० टक्के पाणी असलेलं एक किलो लाकूड सुमारे ४ युनिट देतं. शेगडी त्यातली ७० टक्के घरात सोडते असं धरलं, की किलोमागे २.८ युनिट हाती येतात. म्हणजे साधारण ४,३०० किलो लाकूड. जड जातीच्या वाळलेल्या, नीट रचलेल्या एका घनमीटरात पावणेपाचशे किलो बसतं, म्हणून नऊ घनमीटर. १५० दिवसांना वाटलं तर रोज २९ किलो.

मी हा हिशेब दोनदा तपासला. त्यात चूक नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी विचारली, हे फार चांगलं केलं: हे नऊ घनमीटर रचलेले की नुसते ओतलेले? ट्रॉलीत कसंही टाकलेलं दीड घनमीटर लाकूड रचलं की जेमतेम एक घनमीटर भरतं. हा प्रश्न न विचारल्यामुळे अनेकांचा तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी हवेत जातो. दाजींचा गेला नव्हता. त्यांनी रचून मोजून घेतलं होतं.

प्रत्यक्षात ७५ दिवसांत साडेचारऐवजी सहा घनमीटर जळलं होतं. वजनात ते रोजचं ४४ किलो निघतं. दीडपट लाकूड जाळून घर थंडच.

शेगडी लहान पडते, ही दाजींची पहिली शंका. पण ८ किलोवॉटची शेगडी या घराला पुरायला हवी होती. दुसरी शंका धुराडं ओढत नाही ही. तिच्यात तथ्य होतं, पण तो परिणाम होता, कारण नव्हे. खरा धागा ताईने दिला. ती म्हणाली, "टाकलं की लाकूड रडतं." मी शेगडीसमोर बसलो. नवी फोड आत ठेवल्यावर दोनच मिनिटांत तिच्या कापलेल्या टोकांवर फेस आला, पाणी बुडबुडत बाहेर पडलं, आणि चर्र असा आवाज पंधरा मिनिटं चालू राहिला. तेवढा वेळ ज्वाळा पिवळी, सुस्त, धुराने भरलेली.

"पण मी मोजलंय," दाजी म्हणाले आणि मॉइश्चर मीटर, म्हणजे दोन सुयांमधला विजेचा रोध मोजून लाकडातली ओल सांगणारं यंत्र, घेऊन आले. फोडीच्या बाहेरच्या अंगाला सुया टोचल्या: १६. दुसरीला १५. तिसरीला १७. विक्रेत्याने दिलं तेव्हाही असेच आकडे आले होते.

मी कुऱ्हाड मागितली आणि तीच फोड मधोमध उभी फोडली. ताज्या अंगावर, मध्यावर, तंतूंच्या दिशेने सुया दाबल्या. ३४. दुसरीत ३६. तिसरीत ३३.

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी आणखी सात फोडी स्वतः फोडून मोजल्या.

तीसच्या वर गेल्यावर या यंत्राच्या आकड्यावर फार विसंबू नये. सुमारे २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरलेल्या असतात, आणि त्यानंतर वाढलेलं पाणी विजेच्या रोधात फारसा फरक पाडत नाही. म्हणून मी एका फोडीच्या मध्यातून २०० ग्रॅमचा काप काढला आणि तो ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला. शेवटी १३८ ग्रॅम उरले. ६२ ग्रॅम पाणी होतं.

इथे एक गोंधळ कायम होतो तो सांगून टाकतो. ६२ ग्रॅम पाणी हे ओल्या लाकडाच्या ३१ टक्के, पण कोरड्या लाकडाच्या ४५ टक्के. दोन्ही आकडे एकाच तुकड्याचे. जळणाचे तक्ते बहुधा पहिली पद्धत वापरतात आणि हातातली मीटरं बहुधा दुसरी. मीटरवरचे २० म्हणजे पहिल्या पद्धतीने सुमारे १७. त्यामुळे ताज्या फोडीत मीटर वीसच्या खाली आलं, की कोणत्याही मोजणीने लाकूड जाळायला योग्य.

विक्रेता खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. "वर्षभर पडून आहे" असं तो म्हणाला होता आणि ते होतंच. फक्त अख्ख्या ओंडक्यांच्या स्वरूपात, सालीसकट, जमिनीवर ढीग करून. फोडलं होतं ते पोहोचवण्याच्या तीन आठवडे आधी. लाकडातलं पाणी तंतूंच्या दिशेने, म्हणजे टोकांकडे, आडव्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने सरकतं, आणि साल तर ते जवळजवळ अडवूनच धरते. दोन मीटरच्या सालीसकट ओंडक्याला वर्ष झालं काय आणि दोन महिने झाले काय, मधला भाग ओलाच राहतो. लाकडाचं वय खऱ्या अर्थाने फोडल्या दिवसापासून सुरू होतं. आता मी कोणाचंही लाकूड पाहताना "किती जुनं?" असं न विचारता "कधी फोडलं?" असं विचारतो.

पाणी नेमकं काय बिघडवतं

रोजच्या ४४ किलो लाकडात साडेतेरा लिटर पाणी होतं. म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून बादलीभर पाणी ही दोघं शेगडीत ओतत होती. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळी उष्णता हे पाणी उकळण्यातच गेली. मलाही तसंच वाटलं होतं. मग आकडा मांडला. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट लागतं. साडेतेरा लिटरला साडेनऊ युनिट. तेवढ्या लाकडातल्या कोरड्या भागात मात्र दीडशेहून अधिक युनिट असतात. वाफेवर गेले ते जेमतेम सहा टक्के. सहा टक्क्यांनी घर पंधरा अंशांवर अडकत नाही.

खरी गळती धुरात आहे. तापलं की लाकडाच्या वजनाचा बहुतांश भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची. ते नीट पेटायला शेगडीत सुमारे ६०० अंशांच्या आसपासची धग लागते. ओली फोड मात्र आतलं पाणी संपेपर्यंत शंभरीच्या आसपास घुटमळते आणि तोवर शेजारच्या निखाऱ्यांचीही धग शोषते. वायू निघतात, पण पेटत नाहीत. ते तसेच धुराड्यातून वर जातात. ताईच्या घराची उष्णता धूर होऊन छपरावरून निघून जात होती.

त्यातला काही धूर छपरापर्यंतही पोहोचत नव्हता. धुराड्याची आतली भिंत सुमारे १२० अंशांच्या खाली गेली की धुरातली वाफ आणि डांबरासारखे पदार्थ तिच्यावर थिजतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. हा थर स्वतः उत्तम जळतो. तो पेटला तर धुराड्यात हजार अंशांच्या वर आग भडकू शकते आणि विटांना तडे जातात, नळ्या वाकतात, छप्पर पेटतं. मी त्या संध्याकाळी शेगडी पेटवू दिली नाही. ताई नाराज झाली. विजेच्या एका हीटरवर आम्ही रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी धुराडं साफ करणारा माणूस आला. खालच्या भागात काळे, सुटे पापुद्रे निघाले, ब्रशने सहज. वरचे दोन मीटर, जिथे नळी घराबाहेर उघड्यावर होती, तिथे मात्र काचेसारखा चकचकीत थर. काही ठिकाणी पाच मिलीमीटर. तीन मिलीमीटर झाला की साफ करायलाच हवा. हा चकचकीत थर ब्रशला दाद देत नाही, त्याला वेगळी हत्यारं आणि पूर्ण दिवस लागला.

दाजींची एक सवय यात भर घालत होती. रात्री झोपताना शेगडी गच्च भरायची आणि हवेची झडप जवळजवळ बंद करायची, म्हणजे सकाळपर्यंत निखारे राहतात. लाकूड धुमसत ठेवण्याची ही पद्धत सुक्या लाकडालाही वाईट आणि ओल्याला तर घातकच. शिवाय धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुराडं चोंदलेलं, खोलीत दोघं झोपलेली, आणि घरात त्याचा अलार्म नाही. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त हादरवणारी गोष्ट हीच आहे, काळी काच नव्हे. अलार्म त्याच दिवशी बसवला.

उरलेला हिवाळा

तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आली होती. तीन घनमीटर लाकूड उरलेलं, सगळं कमी-अधिक ओलं, आणि पाऊण-एक वर्ष थांबायची सोय नाही.

आधी निवड केली. दोन फोडी एकमेकींवर आपटायच्या: सुकी लाकडं खणखण वाजतात, ओली धप्प. ज्यांच्यावर शंका, त्या फोडून मोजायच्या. साधारण तिसरा हिस्सा पाइनसारख्या हलक्या लाकडाचा निघाला आणि तो आत २२ ते २४ वर होता. दाजींनी तो "राळेचं लाकूड, धुराडं भरतं" म्हणून बाजूला ठेवला होता. हा समज फार पसरलेला आहे. धुराडं भरतो तो थंड, न जळलेला धूर, मग लाकूड कोणतंही असो. किलोला किलो सगळी सुकी लाकडं जवळजवळ सारखीच उष्णता देतात. फरक घनतेचा असतो: हलकं लाकूड त्याच जागेत कमी वजनाचं बसतं आणि लवकर संपतं, एवढंच. त्या हिवाळ्यात त्या हलक्या लाकडानेच घर तारलं.

उरलेलं दोन घनमीटर आम्ही मनगटाएवढ्या जाडीचं फोडलं आणि शेगडीच्या खोलीत, शेगडीपासून हातभराहून बरंच लांब, सुट्या जाळीत रचलं. हिवाळ्यात तापवलेल्या घरातली हवा फार कोरडी असते, ती पाणी खेचून घेते. बारीक फोडी दोन-तीन आठवड्यांत २२ पर्यंत उतरल्या. ते पाणी घरातच सुटत होतं, म्हणून खिडक्यांवर दव धरू लागलं आणि दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं खिडक्या सताड उघडाव्या लागल्या. मधल्या काळात दाबलेल्या भुशाच्या विटा विकत आणल्या. त्यांत ओल दहा टक्क्यांच्या आत असते. त्या जळताना फुगतात, म्हणून शेगडी भरून टाकायच्या नाहीत, दोन पुरतात.

दाजींनी मागच्या खोलीतल्या जुन्या रंगवलेल्या चौकटी काढून आणल्या होत्या. त्या मी परत ठेवायला लावल्या. रंगाचं, रसायन मुरवलेलं, प्लायवुडचं लाकूड घरात जाळू नये. त्यातले जड धातू आणि डिंकाची विषारी द्रव्यं धुरात आणि राखेत उतरतात.

आग लावायची रीतही बदलली. जाड फोडी खाली, त्यांवर मध्यम, सगळ्यांत वर काटक्या आणि ढलप्या, आणि काडी वरून. आग वरून खाली उतरते, त्यामुळे खालून निघणारा वायू पेटत्या ज्वाळेतूनच जातो. झडप ज्वाळा लख्ख होईपर्यंत पूर्ण उघडी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक भरगच्च, कडक आग, रात्री विझू द्यायची. पहाटे घर थंड असायचं, पण दिवसभर १८ अंश राहू लागले. तीच शेगडी.

पुढच्या हिवाळ्याचं लाकूड

थंडी ओसरायच्या आतच पुढच्या वर्षाचं लाकूड मागवलं: नऊची गरज, तरी बारा घनमीटर. दोन तृतीयांश बर्च, उरलेला ओक. सगळं ३३ सेंटीमीटर लांबीत कापून, पण न फोडलेलं. शेगडीत ४० सेंटीमीटरचं मावत होतं, तरी आखूड घेतलं, कारण पाणी टोकांतून जातं आणि आखूड तुकड्याला टोकं जवळ.

फोडायचं काम दाजींनी आणि मी मिळून केलं. जड घण-कुऱ्हाड, लोखंडी पाचरी, खाली गुडघ्याएवढा ठोकळा. बर्च एका घावात उघडतं. गाठाळ ओकसाठी फोडायचं यंत्र दोन दिवस भाड्याने आणलं, आणि साठीच्या पाठीला ते फार आधी आणायला हवं होतं. जाडी दहा सेंटीमीटरच्या आसपास, आणि प्रत्येक तुकडा निदान एकदा तरी फुटलेला हवा, बारीक असला तरी. न फोडलेली गोल काठी साल पांघरून ओली राहते.

रचणीचा हिशेब: १२ घनमीटर, रांगेची खोली ३३ सेंटीमीटर, उंची दीड मीटर, म्हणून एकूण लांबी सुमारे २४ मीटर. आठ-आठ मीटरच्या तीन रांगा. एकेरीच, कारण दोन रांगा पाठीला पाठ लावून रचल्या की मधली हवा कोंडते. जमिनीपासून पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर, उचललेल्या, कापलेली टोकं वाऱ्याच्या दिशेला, दोन रांगांत मीटरभर अंतर, कडेला चौकटीसारख्या आडव्या-उभ्या फोडी रचून खांब केलेले. घराच्या भिंतीला टेकवायचं नाही, वाळवी आणि आग दोन्हींसाठी.

सगळ्यांत उपयोगी पडली ती वजनाची वही. सहा फोडींवर खडूने आकडे घातले आणि त्या रांगांत अशा ठेवल्या की सहज काढता येतील. सुरुवातीला ओव्हनच्या कापावरून ओल काढली होती: या वेळी ओल्या वजनाच्या ४५ टक्के. बर्चची एक फोड २,४०० ग्रॅमची. तिच्यातलं कोरडं लाकूड १,३२० ग्रॅम. २० टक्के ओल राहील तेव्हा तिचं वजन १,३२० भागिले ०.८, म्हणजे १,६५० ग्रॅम असायला हवं. हा आकडा फोडीवरच लिहून ठेवला. मग काटा १,६५० दाखवेपर्यंत वाट पाहायची. फोडायला नको, मीटर नको.

ताई दर पंधरा दिवसांनी वजन करायची. महिन्याने २,०९०. दोन महिन्यांनी १,९००. मग चार आठवडे १,८६० वर अडलं. मला फोन आला. पाऊस येणार म्हणून दाजींनी काळजीने तिन्ही रांगा ताडपत्रीने चारी बाजूंनी, जमिनीपर्यंत गुंडाळल्या होत्या. उन्हात आतून घाम फुटत होता, रात्री तेच पाणी परत लाकडावर. खालच्या थरांवर पांढरी बुरशी दिसू लागली होती. ताडपत्री काढली, फक्त माथ्यावर पत्रे टाकले, थोडे पुढे आलेले, बाजू उघड्या. वाऱ्याने ओले झालेलं बाहेरचं अंग दोन दिवसांत सुकतं, त्याची भीती नको. पुढच्या महिन्यात वजन पुन्हा उतरू लागलं आणि थंडी सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी १,६४० वर आलं.

ओक मात्र आला नाही. त्याची फोड २,९०० ग्रॅमची, लक्ष्य १,९९४, आणि शरद संपताना काट्यावर २,२१०. म्हणजे अजून २८ टक्के पाणी. ओकला बहुधा दोन उन्हाळे लागतात. दाजींना तो जाळायचा मोह होता, कारण दिसायला तो सुकाच होता: करडा, टोकांना भेगा पडलेल्या. भेगा वरचं सुकलेलं सांगतात, आतलं नाही. ती चार घनमीटरची रांग तशीच राहू दिली. तेवढी तूट भरायला वाळवलेलं बर्च दोन घनमीटर विकत घेतलं. या वेळी दाजींनी ट्रॉलीतून पाच फोडी काढून, तिथेच फोडून मोजल्या आणि एक ट्रॉली परत पाठवली.

त्या हिवाळ्यात साडेनऊ घनमीटर लागलं. घर १९ ते २० अंशांवर राहिलं. काचेवर फिकट राखाडी धूळ, ओल्या कागदाने पुसली की जाते. हंगामाअखेर धुराड्यातून दोनेक लिटर कोरडी, भुरभुरीत काजळी निघाली आणि चकचकीत थर कुठेच नव्हता. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, फरशीवर काही दिवस राहू द्यायची शिस्त ताईने लावली आहे, कारण राखेतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो.

बुरशी धरलेला खालचा थर सुकला, पण ते लाकूड हलकं पडलं आणि हाताळताना खोकला आणत होतं. ते घरात न आणता बाहेरच टाकून दिलं. ओकच्या रांगेच्या पहिल्या पॅलेटवर ताईने फोडल्याची तारीख रंगाने लिहिली आहे, आणि परवा फोन करून शेवटचं वजन सांगितलं: २,०४०.